मजा आली, याची लाज वाटते

पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय शेहेचाळीस. राजारामपुरीत राहते आणि एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करते. माझ्या अकरावीतल्या मुलीच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी पडली होती, तिच्याच वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली. त्या गोष्टीतल्या राज्यात काही माणसे मनगटावर निळी खूण घेऊन जन्माला येतात आणि त्यांना पाण्यावर हुकमत चालवण्याची विद्या येते. राजाने त्या विद्येवर बंदी घातली आहे, आणि खूण असलेल्या प्रत्येकाला रोज सूर्यास्ताला वेशीवर जाऊन वहीत नाव नोंदवावे लागते. नायिका सोळा वर्षांची. शेवटी ती नदीचा प्रवाह फिरवून अख्खा राजवाडा बुडवते. रात्री जागून मी पुस्तक संपवले आणि राजवाडा बुडाला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता मात्र मन खाते. माझे सासरे आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत राहिले. ते म्हणाले, ‘ज्याच्याविरुद्ध आम्ही लढलो, तेच तू मिटक्या मारत वाचतेस?’ वाचन मंडळातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की जुलमाविषयी वाचायचे तर खऱ्या माणसांचे वाचावे, खोट्या जुलमाची मजा कसली घ्यायची? मिस्टर नुसते हसतात. आणखी एक सांगते. वहीत नावे लिहिणारा एक म्हातारा लेखनिक त्या पुस्तकात आहे, आणि का कोण जाणे, मला त्याचीच फार कणव आली. हेही चुकलेच असेल. मुलीशी या पुस्तकाविषयी काय बोलावे? ते मंडळात न्यावे का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी लाजेचे बघू, कारण तुमचे बाकीचे प्रश्न तिच्यातूनच निघाले आहेत. दुःखाची गोष्ट वाचताना सुख का होते, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने करुण, भयानक आणि बीभत्स यांना शृंगार आणि हास्य यांच्याच पंक्तीला रस म्हणून बसवले, तेव्हाच रडवणाऱ्या किंवा अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टीतही आस्वाद असतो हे मान्य झाले होते. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या प्रश्नाला ‘सविकल्प समाधी’ असे उत्तर दिले. वाचक दुसऱ्याच्या अवस्थेत शिरतो, पण स्वतःचे भान पूर्ण सोडत नाही, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याचा हा अनुभव आनंद देतो, असा त्याचा थोडक्यात आशय. वेशीवर रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलीबरोबर तुम्ही उभ्या होतात आणि त्याच वेळी राजारामपुरीतल्या आपल्या घरी उशीला टेकून बसल्या होतात. तुमचा आनंद या दुहेरी असण्याचा आहे. कुणाच्या हालांवर तुम्ही खूश झालात, असा त्याचा अर्थ कोणी लावत असेल तर त्याने कादंबऱ्या फारशा वाचलेल्या नसाव्यात.

राजवाडा बुडाल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, हा आनंद मात्र थोडा वेगळ्या जातीचा आहे आणि त्याची चौकशी करायला हरकत नाही. राजवाड्यात राजा एकटा राहत नाही. तिथे आचारी असतात, पाणक्ये असतात, पागेतली माणसे असतात, दासींची तान्ही मुले असतात, आणि एवढी विद्या असलेल्या लोकांकडून राजा वेठीने कामे करून घेत असणारच, तेव्हा निळ्या खुणेची काही माणसेही त्याच भिंतींच्या आत असणार. लेखकाला त्यांची आठवण झाली आहे का, हे शेवटचे प्रकरण पुन्हा उघडून बघा. झाली असेल तर पुस्तक तुम्हाला वाटले त्याहून चांगले आहे. झाली नसेल तर ते चुरचुरीत आहे, एवढेच म्हणावे लागेल. सुडाचे सुख वाचकाला द्यायचे आणि त्याची किंमत कोण मोजतो ते दाखवायचे नाही, ही या प्रकारच्या कादंबऱ्यांची नेहमीची पळवाट आहे.

आता तुमचे सासरे. त्यांचा राग मला समजतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये अशी माझी विनंती आहे. ज्या चळवळीने २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गमावले आणि ज्या गावात फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या चळवळीत आणि त्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘जादू’ हा शब्द कानावर पडताच काय आठवत असेल, याची कल्पना करता येते. पण त्यांच्याशी बोलताना एक फरक शांतपणे मांडून बघा. राज्यात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराचा दावा करून माणसाला फसवणे, लुबाडणे, धमकावणे आणि त्याचा छळ करणे यांना गुन्हा ठरवतो. भगत म्हणतो, ‘हे खरे आहे, पैसे काढ.’ कादंबरी पहिल्या पानापासून सांगते की हे खरे नाही, तरीही चार घटका ऐक. ज्याला खोटेपणा आधीच कबूल आहे, त्याच्याकडून फसगत होत नाही.

सासऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारा, आणि ती खरोखर त्यांच्याकडून शिकण्यासाठी विचारा. सातपुड्यातल्या आदिवासी भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करण्याची, गावाबाहेर काढण्याची प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध या चळवळीने वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या बाईकडे कोणतीही विद्या नसते. कोणाचे मूल आजारी पडते, कोणाचे जनावर मरते, कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा डोळा असतो, आणि मग तिच्यापाशी जादू आहे असे गावाकडून ठरवले जाते. म्हणजे आपल्याकडेही जादू आणि जुलूम यांचा संबंध आहेच, पण तो तुमच्या कादंबरीतल्या संबंधाच्या अगदी उलटा आहे.

तुमच्या पुस्तकाबद्दल माझी खरी तक्रार आहे ती इथे. निळ्या खुणेची माणसे खरोखरच नदी फिरवू शकतात, आणि शेवटी तसे करून राजवाडा बुडवतातही. मग त्यांना भिणारा राजा क्रूर असला तरी मूर्ख ठरत नाही, कारण त्याच्या भीतीला आधार आहे. प्रत्यक्ष इतिहासात ज्यांच्यावर अशा वह्या लादल्या गेल्या त्यांच्या हातात नदी नव्हती, बहुतेकांच्या हातात विहिरीचा दोरसुद्धा नव्हता. तिथे भीती आधी तयार करण्यात आली आणि माणसे नंतर तिच्यात बसवण्यात आली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर नेली. त्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करता येऊ लागल्या, म्हणजे मूल गुन्हा करण्याआधी, चालायला शिकण्याआधी, गुन्हेगारांच्या यादीतल्या घरात जन्माला येऊ लागले. नावनोंदणी, ठरलेल्या वेळची हजेरी, गाव सोडायचे तर परवानगीची चिठ्ठी, हे सगळे त्यात होते. तुमच्या लेखकाने वेशीवरची वही कल्पनेतून काढली असेल, पण आपल्या मुलखात ती खरोखर होती. कोल्हापूर संस्थानातली हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली, फासेपारध्यांसारख्या जमातींना आसरा दिला, काम दिले. उर्वरित देशात तो कायदा जायला स्वातंत्र्यानंतरही वाट पाहावी लागली, ती ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत. तो दिवस भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात.

तेव्हा कादंबरी आवडली याचे वाईट वाटून घेऊ नका, पण तिच्यातली ही गफलत डोळ्यांआड होऊ देऊ नका. दडपलेल्या माणसाकडे छुपी शक्ती असते, असे सांगणारी गोष्ट वाचायला सुखाची असते, कारण शेवटी तो जिंकणार याची हमी तिच्यातच असते. त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ असा होतो की ज्याच्याकडे शक्ती नाही त्याच्यासाठी कादंबरी कोणी लिहिणार नाही. हे लेखकाच्या मनात नसेलही, पण गोष्टीच्या बांधणीतच ते आहे.

आणि आता तो म्हातारा लेखनिक. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती गुन्हा कबूल करावा तशी लिहिली आहे. या प्रकारच्या कादंबऱ्या वाचताना आपण सगळे बिनतक्रार नायिकेच्या बाजूला जाऊन उभे राहतो, कोणीही स्वतःला राजाच्या जागी ठेवत नाही. इतक्या लाखो वाचकांनी स्वतःला दडपलेल्यांत मोजले, तर दडपणारे कोण होते हा प्रश्न उरतोच. लेखनिकाकडे तुमचे लक्ष गेले, याचे कारण कदाचित तुमच्या टेबलावरही रोज वह्या, अर्ज आणि सह्या असतात, आणि वरून आलेला कागद आपण फारसे न वाचता कसा पुढे सरकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पतसंस्थेच्या वहीची आणि त्या वहीची बरोबरी मी करत नाही, पण कोणताही जुलूम फक्त राजाच्या बळावर चालत नाही. त्याला सुवाच्य अक्षर लागते, वेळेवर येणारा माणूस लागतो, आणि ‘मी फक्त नावे लिहितो’ असे रात्री बायकोला सांगणारा नवरा लागतो. आपल्या मुलखातल्या हजेरीच्या वह्यासुद्धा कोणीतरी ओळीने आखल्या होत्या आणि ते लोक काही राक्षस नव्हते, कोणाचे तरी आजोबा होते. त्याची कणव आली म्हणजे तुम्ही त्याला माफ केले असे होत नाही. तो तुम्हाला ओळखीचा वाटला, इतकेच. लेखकाने त्याला पुढे काय दिले ते मला ठाऊक नाही, पण त्याला एखादे धाडस करायला लावून भराभर हुतात्मा केले असेल, तर मला ती घाई वाटेल.

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. खऱ्या माणसांचे लेखन वाचलेच पाहिजे. पण ‘खरे’ म्हणजे रंजक नसलेले, असे तिने धरले आहे आणि तिथे ती चुकते. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णाभाऊंचे वाटेगाव आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातले, म्हणजे गोष्ट घरापासून फार लांबची नाही. हजेरी तिच्यात आहे, दुष्काळ आहे, मांग समाजाची उपासमार आहे, आणि इतके असूनही ती वाचताना पान खाली ठेववत नाही, कारण घोडा, तलवार, खजिन्याची लूट आणि मैत्री यांची ओढ अण्णाभाऊंना नीट कळलेली होती. शाहीर माणूस तो, ऐकणाऱ्याला खिळवून कसे ठेवायचे हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या माणसांचे दुःख सांगताना वाचकाला आनंद देण्याची त्यांना लाज वाटली नाही. फकिराकडे जादू नाही, हा दोन्ही पुस्तकांतला फरक आहे, आणि तो केवढा मोठा आहे हे दोन्ही लागोपाठ वाचल्याशिवाय समजत नाही. मैत्रिणीने ‘फकिरा’ वाचली नसेल तर तिला द्या, मात्र औषध म्हणून देऊ नका.

नायिकेविषयी एक शंका बोलून दाखवतो. या कादंबऱ्यांत सुटका नेहमी एका निवडलेल्या मुलीच्या रक्तातून येते. कोल्हापूरच्या वाचकाला हे थोडे परके वाटायला हवे, कारण इथला बदल फार निराळ्या, बराचसा रटाळ वाटणाऱ्या मार्गाने आला. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला, आणि गॅझेट काही कोणी रात्री जागून वाचत नाही. मग वसतिगृहे निघाली, १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे काम सुरू झाले. राजवाड्याच्या चाकरीतले गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले, आणि तिथे सवर्ण फिरकत नाहीत असे कळल्यावर स्वतः गाडी थांबवून चहा घ्यायला सुरुवात केली.

ही हकीकत आपल्या गावात अभिमानाने सांगितली जाते आणि सांगणारा प्रत्येक जण मनाने महाराजांच्या गाडीत बसलेला असतो. हॉटेलासमोरून मान वळवून निघून जाणाऱ्यांत आपले कोणी होते, असे मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. तुमची कादंबरी वाचताना झालेली चूक आणि ही चूक एकच आहे. फरक इतकाच की कादंबरीत ती केल्याने कोणाचे नुकसान होत नाही, म्हणून ती ओळखायला कादंबरी ही बरी जागा आहे.

तुमच्या मिस्टरांच्या हसण्यावर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. ‘कुमारांसाठी’ ही प्रकाशकाने आणि पुस्तकाच्या दुकानाने सोयीसाठी लावलेली पाटी आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ मध्ये आली, तेव्हा ती मोठ्यांनीच डोक्यावर घेतली होती, आणि ‘चांदोबा’ घरात आला की आधी कोणाच्या हातात जात असे हे मिस्टरांना विचारून पाहा.

मुलीशी बोलताना एक पथ्य पाळा. पुस्तकातून काय शिकलीस, असे विचारू नका. अकरावीतल्या मुलीला हा प्रश्न आला की ती ओळखते, आता परीक्षा सुरू झाली, आणि मग ती जुलूम वाईट असतो हे बरोबर उत्तर देऊन मोकळी होते. त्यापेक्षा तुम्हाला काय वाटले ते आधी सांगा. राजवाडा बुडाला तेव्हा तुम्हाला फार बरे वाटले हे सांगा, लेखनिकाचे सांगा, आणि राजवाड्यातल्या आचाऱ्याचे काय झाले असेल हा प्रश्न तिच्यासमोर टाका. ती बहुधा भांडेल. या वयाच्या मुली आवडत्या पुस्तकासाठी फार छान भांडतात, कधी कधी लेखकाने न लिहिलेली समर्थनेसुद्धा देतात. भांडू द्या. तिच्या आजोबांना हजेरीविषयी आणि डाकीण प्रथेविषयी बरेच माहीत असणार. तिला त्यांच्याकडे पाठवा, पण तुम्ही स्वतः मधे बसून अर्थ सांगू नका. आजोबा आणि नात एकमेकांशी कशावर तरी कडाडून वाद घालत आहेत, यासारखी दुसरी चांगली गोष्ट घरात क्वचितच घडते.

मंडळात पुस्तक जरूर न्या. इंग्रजी पुस्तक सगळ्यांनी आधी वाचून येणे अवघड असेल तर गोष्ट तुम्ही दहा मिनिटांत सांगा, लेखनिकाचे एक प्रकरण मराठीत तोंडी सांगत वाचून दाखवा, आणि त्याच बैठकीत ‘फकिरा’तली हजेरीची पाने दुसऱ्या कोणीतरी वाचावीत. ती पाने वाचायला मी तुमच्या त्या मैत्रिणीलाच सांगितले असते, कारण ती मोठ्याने वाचताना तिला स्वतःलाच काय वाटते हे तिला बघता येईल. पुस्तकाची प्रत मंडळात कोणाकडे नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० सालापासून चालत आलेल्या त्या वाचनालयात ‘फकिरा’ मिळायला अडचण पडू नये. सासऱ्यांनाही बोलावणे करा. ते यायला तयार झाले, तर त्यांना भाषण करायला सांगू नका, त्यांना आधी गोष्ट ऐकू द्या.